पहिल्या दिवसाची धाकधूक

२०७१ साली चार लाख छात्यांत यंत्रहृदयं धडधडत होती, आणि ती सगळी एकाच आज्ञावलीवर. ही आज्ञावली कुण्या कंपनीची नव्हती. कुणीही ती उघडून वाचावी, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. जाणत्यांनी तपासून ती आत घ्यावी. पण जाणते उरले होते तीन. नवे येत, एक फटकारा खात, पुन्हा फिरकत नसत.

महाडच्या एसटी आगारातल्या मेकॅनिक यशोदा खोत यांनी पाठवलेल्या दुरुस्तीलाही असंच उत्तर गेलं होतं : ‘नियम वाचून या.’ त्यांचे यजमान देवळाच्या पायऱ्या चढून टेकले, की यंत्रहृदय एकदम मंदावायचं. दोनदा तर शुद्धच हरपली होती.

नवे टिकावेत म्हणून झटणाऱ्या मेंदूतज्ज्ञ डॉ. इरावती मोघे यांनी यशोदाबाईंना पुण्याच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. ते उत्तर लिहिणारे, तीन जाणत्यांपैकी एक, तात्या बर्वे तिथे डोक्याला पट्टा बांधून बसले होते.

“हे काय बांधलंय?” यशोदाबाईंनी विचारलं.

“प्रथमस्मारक,” इरावती म्हणाल्या. “जुनी आठवण दबते, पण मेंदूत राहते. हा पट्टा हलक्या विद्युत्स्पंदांनी ती जागी करतो. तात्यांना आत्ता स्वतःची पहिली दुरुस्ती पाठवतानाची धाकधूक होतेय.”

“एवढं यंत्र कशाला हो? आमच्याकडे कीर्तनात नवा माणूस उभा राहिला की हाती टाळ देतात. ठेका चुकला, तर शेजारचा आपला टाळ जरा मोठ्यानं वाजवतो. हात नाही धरत कुणी.”

“मी तर टाळच काढून घेतला तुमचा,” तात्या घामेजलेले तळवे पुसत म्हणाले. “सांगा बाई, काय दिसलं तुम्हाला?”

“घाट संपला म्हणून गाडी खाडकन थांबवतो का आपण? वेग हळूहळू उतरवतो. तेवढंच लिहिलंय.”

नियमाप्रमाणे दुरुस्तीसोबत तिची चाचणी हवी होती, ती जोडलेली नव्हती. ती तात्यांनी यशोदाबाईंच्या शेजारी बसून लिहिली. संध्याकाळी दुरुस्ती आत गेली आणि सगळ्या यंत्रहृदयांत पोचली. थोड्या वेळानं महाडहून यजमानांचा फोन आला.

“चढलो, बसलो, काही नाही झालं! चहा मागवलाय.”

यशोदाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. “पावलास रे देवा!”

तात्याही हसले. मग त्यांनी परत पाठवलेल्या दुरुस्त्यांची यादी उघडली. अकराशे चाळीस नावं. अगदी वरचं, एकोणीस वर्षांपूर्वीचं, सांगोल्याच्या दगडू ऐवळे यांचं : ‘वडील चढण चढून बसले की हृदय मंदावतं. दुरुस्ती जोडली आहे.’ खाली तात्यांचीच ओळ : ‘नियम वाचून या.’

“पट्टा काढू?” इरावतींनी हळूच विचारलं.

“राहू दे. यांना उत्तर लिहायचंय.”

‘आपले वडील’ एवढं लिहून तात्यांची बोटं थांबली. यशोदाबाईंनी आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.