टोपीवालीने बुडवलेली होडी

"हळू बोल रे भोपू, तुझी कुजबुज तळ्याच्या पलीकडे ऐकू जाते," म्हणत भिंगरीने भावाला टपली मारली.

गेस्ट हाऊसच्या बाल्कनीत तिघं पालथी पडून खाली बघत होती. बारा वर्षांची भिंगरी, तिचा धाकटा भाऊ भोपू आणि मामाचा मुलगा पंडित. पंडितला हे नाव त्याच्या तोंडाने मिळवून दिलं होतं. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असे, आणि परदेशात सुट्टीला आल्यापासून तर त्याच्या मतांना ऊत आला होता.

खाली धक्क्यावर टोपीवाली बादलीमागून बादली पाणी ओतत होती, आणि तेही चक्क होडीत! बघता बघता ती निळी होडी काठोकाठ भरली आणि उथळ पाण्यात तळाला टेकली, नुसते काठ वर दिसत राहिले.

"बुडवली," भोपू म्हणाला. "स्वतःच्याच आजोबांची होडी बुडवली हिने."

टोपीवाली ही त्यांची इथली मैत्रीण. उन्हाळ्यातसुद्धा आजोबांची लोकरी टोपी घालून फिरायची, म्हणून टोपीवाली. तिचं इंग्रजी मोडकं होतं आणि यांचंही काही फार धडधाकट नव्हतं, पण हातवाऱ्यांवर सगळं भागत होतं. तिने यांना दोरीच्या गाठी शिकवल्या, घरी नेऊन आजीच्या हातचं सूप पाजलं. भोपूने तिला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवलं. होड्यांचा तपासनीस परवा येणार, हेही तिनेच छाती फुगवून सांगितलं होतं. तो वर्षातून एकदाच येतो, होडीत बसून तळ्यात फेरी मारतो. होडी चांगली निघाली तरच त्या उन्हाळ्यात प्रवासी न्यायची परवानगी मिळते. आजोबांचा पाय अधू झाला होता, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच वल्ही तिच्या हाती येणार होती.

"मग ती होडी कशाला बुडवेल?" भिंगरी म्हणाली.

"सोपं आहे." पंडितने चष्मा वर सरकवला. "सकाळी आजोबा तिच्यावर केवढे ओरडत होते, बघितलंस ना? त्याचा राग काढतेय."

"तिलाच विचारूया ना सरळ."

"गुन्हेगाराला कुणी विचारतं का, वेडाबाई?"

भिंगरीला ते पटलं नव्हतं. पण परदेशात एक खरंखुरं गूढ हाती लागलं होतं, आणि विचारून टाकलं की त्यातली गंमत संपली असती. म्हणून तिने हट्ट सोडला.

मामा नेहमीप्रमाणे फोनला चिकटला होता. "मामा, आम्ही एक होडी वाचवायला जातोय," भोपूने रीतसर सांगितलं.

"हं, हं. पाण्याजवळ जाऊ नका," मामा म्हणाला. झालं, परवानगी मिळाली.

दुपारी टोपीवाली आजोबांना घेऊन दवाखान्यात गेली, तसे तिघे धक्क्यावर हजर. आधी बादल्यांनी पाणी उपसलं. मग काठावरचे गोल ओंडके होडीखाली सरकवत, धापा टाकत त्यांनी ती ओढत ओढत गेस्ट हाऊसच्या मागच्या अंगणात आणली. तिथे वाळत घातलेल्या चादरींच्या आड रणरणत्या उन्हात ती पालथी घातली. भोपूने तर मामीच्या नव्या टॉवेलने ती आतून पुसूनही काढली.

"ठणठणीत कोरडी," तो समाधानाने म्हणाला.

संध्याकाळी टोपीवाली पळत आली. "होडी? माझी होडी पाहिली?"

पंडितने नकारार्थी मान हलवली. भोपूने हलवली. मग भिंगरीनेही हलवली. टोपीवाली काठाकाठाने शोधत निघाली. झुडपात वाकून बघणारी तिची ती टोपी बाल्कनीतून बराच वेळ दिसत होती.

"सांगून टाकूया," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे परत बुडवू दे तिला?" पंडित म्हणाला. "परवा तपासनिसासमोरच काढू. तेरवा तर आपण घरी निघणारच."

दुसरा दिवसही तसाच गेला. ऊन कडक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस आला. आजोबांनी त्याला रामराम केला तोही ओरडूनच. मग गेस्ट हाऊसच्या मालकिणीला, मग मामाला, सगळ्यांना ओरडूनच. त्यांना ऐकूच कमी येत होतं. भिंगरीने चमकून पंडितकडे पाहिलं, पण पंडित ओंडके लावण्यात गुंतला होता.

"सापडली, सापडली," करत तिघांनी होडी ढकलत आणली. आजोबांचा चेहरा उजळला. मामाने तर टाळ्याच वाजवल्या. "शाब्बास रे माझ्या वाघांनो! हरवलेली होडी शोधून काढलीत!"

टोपीवाली मात्र हसली नाही. तिने होडीच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

होडी पाण्यात सोडली आणि तपासनीस आत बसला. फळीफळीच्या फटीतून पाणी आत आलं. तपासनिसाचे बूट भिजले, तसा तो उतरला आणि मान हलवून पुढच्या धक्क्याकडे निघून गेला. आजोबा त्याच्यामागे लंगडत गेले, काहीतरी विनवत राहिले, पण तो थांबला नाही.

"हिवाळाभर होडी घरात," टोपीवाली हळू बोलत होती, एकेक शब्द जुळवत. "लाकूड सुकतं. फट पडते. म्हणून आधी पाण्यात ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं. फट बंद. सगळे असंच करतात इथे." तिने तिघांकडे पाहिलं. "कुणी काढली बाहेर?"

पंडित चष्मा काढून पुसायला लागला. भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक साधा प्रश्न विचारला असता, तर हे काहीच झालं नसतं.

"आम्ही," ती म्हणाली. "आम्हीच नेली. आम्हाला वाटलं, तू आजोबांवर चिडून बुडवतेस. तू विचारलंस तेव्हा आम्ही खोटं बोललो."

तेवढ्यात आजोबा परत आले. डोळे पाणावले होते, तरी त्यांनी तिघांच्या पाठीवर हात फिरवला आणि मोठ्या आवाजात बरंच काही बोलले.

"आजोबा म्हणतात, तुम्ही चांगली मुलं," टोपीवालीने खाली बघत सांगितलं. "होडी शोधलीत. आमची माणसं नाही, तरी शोधलीत."

"त्यांना खरं सांग ना," भिंगरीला रडू फुटलं. "प्लीज, आत्ता सांग."

टोपीवाली आजोबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. आजोबांनी मान डोलावली आणि हसून पुन्हा एकदा तिघांच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय सांगितलंस?" भिंगरीने विचारलं.

"तुम्ही उद्या जाणार, एवढंच सांगितलं," टोपीवाली म्हणाली आणि बादली उचलून होडीतलं पाणी उपसायला लागली.