सव्वाबाराची विहीर

"मामा, उपग्रह छप्पर फाडून आत येणार आहेत का?" सेनापतीने विचारलं.

मामा दिवाणखान्याच्या मधोमध नवं कोरं जीपीएस यंत्र छातीशी धरून उभे होते. यंत्र हातात मावेल एवढं, पण त्यासोबत आलेलं माहितीपुस्तक एखाद्या शब्दकोशाएवढं जाड. पडद्यावर 'उपग्रह शोधत आहे' अशी ओळ उमटली होती आणि ती बराच वेळ तशीच होती.

"यंत्र नवीन आहे. जरा बुजलंय," मामा म्हणाले.

"काका, अंगणात नेऊन बघायचं का?" शंकासुरने विचारलं.

मामा आणि काका हा माणूस एकच. चौदा वर्षांच्या सेनापतीच्या आईचा तो भाऊ, म्हणून तिकडून मामा. शंकासुर आणि तिचा धाकटा भाऊ बोका यांच्या बाबांचाही तो भाऊ, म्हणून इकडून काका. शंकासुर ही बारा वर्षांची मुलगी होती. दर दोन वाक्यांमागे तिला एक शंका यायची, त्यामुळे तिचं खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीपटावर उरलं होतं. बोक्याला बोका का म्हणत, हे तो कुठेही, केव्हाही झोपलेला पाहिला की कळायचं.

यंत्र अंगणात नेल्याबरोबर उपग्रह सापडले. "बघा, माझं ऐकलं त्याने," काका म्हणाले.

काका कॉलेजात भूगोल शिकवत. त्यामुळे माहितीपुस्तक वाचण्याची त्यांना गरज नव्हती. ते पुस्तक त्यांनी डगमगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारलं आणि भराभर बटणं दाबली. भाषा, वेळ, अंतर मीटरमध्ये. "जागा कशी लिहायची" असं यंत्राने विचारलं, तेव्हा काकांनी अंश-मिनिटं-सेकंद निवडलं. "सेकंद आले की काम कसं चोख होतं," असं ते म्हणाले.

हा खेळ काकांनी सुट्टीसाठीच ठरवला होता. जगभर लोक छोटे डबे लपवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवतात आणि बाकीचे यंत्राच्या मदतीने ते डबे शोधून काढतात. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा लपवायचा. असा एक डबा ते सुट्टीला आले होते त्या आत्याच्या, म्हणजे सेनापतीच्या मावशीच्या, घराजवळच होता.

काकांनी हा खेळ आजच काढण्यामागे आणखी एक कारण होतं. आत्याने सकाळचा चहा तीनदा गरम केला आणि एकदाही घेतला नाही.

घरामागे आत्याची रोपवाटिका होती. फुलझाडं, फळझाडांची कलमं, भाज्यांची रोपं, सगळी एका विहिरीवर जगायची. त्या विहिरीच्या कठड्यावर काल कोणीतरी लाल रंगाने मोठी फुली मारली होती. फुलीखाली दोन ओळींत आकडे होते. आज दुपारी एक डंपर राडारोडा घेऊन येणार होता आणि ती विहीर बुजवणार होता.

झालं असं होतं, की बंद पडलेल्या वीटभट्टीकडे एक वासरू पडक्या विहिरीत पडलं. ते वाचलं, पण बोंबाबोंब झाली. कचेरीतले साहेब जागा पाहून गेले, आकडे टिपले आणि विहीर बुजवण्याचा हुकूम काढून स्वतः सुट्टीवर गेले. हुकमाचा कागद मुकादमाच्या हातात पडला. मुकादम यंत्र घेऊन निघाला आणि यंत्राने त्याला आत्याच्या रोपवाटिकेत आणून सोडलं. समोर विहीर होती. त्याला विहीरच हवी होती. त्याने तिच्यावर फुली मारली आणि कागदावरचे आकडे खाली उतरवले.

"अहो, पडकी विहीर वेगळी. माझ्या विहिरीवर पंप चालतो," आत्याने त्याला सांगितलं होतं.

"मग ती वेगळी कुठंय, दाखवा."

तेवढंच आत्याला जमलं नव्हतं. भट्टी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती आणि तिथे काटेरी झुडपांचं रान माजलं होतं. संध्याकाळपर्यंत हातापायांवर ओरखडे घेऊन ती फिरली, पण विहीर काही सापडली नाही. वासराचा मालक परगावी गेलेला, साहेब फोन उचलेनात.

"बाई, मलाही बरं वाटत नाहीये," मुकादम जाताना म्हणाला होता. "पण यंत्र कुठं खोटं बोलतं?"

"पोरांना घेऊन जा रे कुठेतरी," आत्या आता काकांना म्हणाली. "डंपर येईल तेव्हा ती इथे नकोत मला."

मग मोहीम निघाली. सेनापती पुढे, काका यंत्रासह मधे, शंकासुर त्यांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत, आणि बोका मागे, चालता चालता डुलक्या घेत. यंत्रातला बाण उत्तरेकडे नेत होता. बाणाने त्यांना रस्ता ओलांडायला लावला, एक गल्ली पार करायला लावली आणि शेवटी एका धोब्याच्या अंगणात आणून ओल्या चादरींच्या रांगांमध्ये उभं केलं.

"पोहोचलो," काका म्हणाले. "डबा इथेच कुठेतरी आहे."

सेनापतीने ताबडतोब हुकूम सोडला, "बोक्या, चादरीखाली बघ."

बोक्याने चादरीखाली बघितलं. तिथे धोबीण होती.

पुढचं संभाषण एकतर्फी होतं. त्याचा सारांश असा, की शिकली-सवरलेली माणसं लोकांच्या घरात डबे शोधायला लागली तर गरिबाने चादरी कुठे वाळवायच्या.

"यंत्र सदोष आहे," गल्लीत परत आल्यावर काका म्हणाले. "दुकानदाराने फसवलं मला."

"की उपग्रह चुकले, मामा? ते बिचारे वरून काही बोलू शकत नाहीत," सेनापती म्हणाला.

शंकासुर गप्प होती. ती गप्प झाली की तिच्या घरचे लोक सावध होत. घरी आल्याबरोबर तिने खुर्चीखालचं पुस्तक ओढून काढलं. खुर्ची डगमगली, तिच्यावर नुकताच झोपलेला बोका जागा झाला.

"काका, डब्याचा आकडा काय होता हो? मिनिटांचा."

"बारा पॉइंट पन्नास. मी बारा मिनिटं पन्नास सेकंद असा घातला. का?"

"बारा पॉइंट पन्नास म्हणजे साडेबारा ना?"

"हो."

"घड्याळात साडेबारा वाजले म्हणजे बारा वाजून पन्नास मिनिटं झाली का?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"एका मिनिटात साठ सेकंद असतात," शंकासुर पुस्तकात बोट ठेवून म्हणाली. "अर्ध्या मिनिटात तीस. तुम्ही वीस सेकंद जास्त घातलेत. इथे लिहिलंय, एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण तीस मीटर. म्हणून आपण चादरीत गेलो. या खेळाचे आकडे सेकंदांत नसतातच. मिनिटं आणि दशांश असं निवडायचं असतं, मग आकडा आहे तसा घालता येतो."

"हे मी पहिल्या वर्षाला शिकवतो," काका खिन्नपणे म्हणाले.

"ते पास होतात का?" सेनापतीने विचारलं.

शंकासुरने यंत्रात ती एक निवड बदलली. आता परीक्षा घ्यायला हवी होती. जवळपास अशी जागा हवी, जिचे आकडे ठाऊक आहेत. तसे आकडे एकाच ठिकाणी होते, आणि ते लाल रंगात होते.

तिघं विहिरीकडे गेली. शंकासुरने फुलीखालचे आकडे जसेच्या तसे यंत्रात घातले. विहिरीला टेकून उभं असताना यंत्राने खरं तर 'पोहोचलात' म्हणायला हवं होतं. यंत्र तसं म्हणेना. बाण दक्षिणेकडे वळला. अंतर तीनशे मीटरहून जास्त.

"बिघडलं परत," बोका म्हणाला.

शंकासुरने कठड्यावरचा आकडा पुन्हा वाचला. अंशांच्या पुढे मिनिटं होती, १२.२५.

"सव्वाबारा," ती हळूच म्हणाली. मग एकदम वेगाने बोलू लागली. "सव्वाबारा म्हणजे बारा आणि पंधरा. मुकादमाने बारा आणि पंचवीस घातले असणार. दहा सेकंद जास्त. रेखांशातही तेच झालंय, पण तिथला फरक किरकोळ आहे. काकांचीच चूक, हुबेहूब."

"म्हणजे मुकादम भूगोलाचा प्राध्यापक व्हायच्या लायकीचा आहे," सेनापती म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. "थांब. म्हणजे खरी विहीर..."

तिघांनीही बाण दाखवत होता तिकडे पाहिलं. तिकडे वीटभट्टीची चिमणी दिसत होती.

काकांना हाक मारून चौघं निघाली. भट्टीच्या पुढे पायवाट संपली आणि काटे सुरू झाले. सेनापती काठीने झुडपं बाजूला सारत होता. यंत्र बोक्याकडे होतं. त्याने ते हट्टाने मागून घेतलं होतं आणि आता तो जन्मात पहिल्यांदा पूर्ण जागा होता.

"पन्नास मीटर," तो ओरडून सांगत होता. "तीस. वीस. ताई, दहा राहिले, मी पळतो."

"बोक्या, उभा राहा," शंकासुर म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता, पण बोका जागच्या जागी थिजला. तिने मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली. त्याच्या पायांपुढे वेलींची हिरवीगार गादी पसरली होती. सेनापतीने पुढे होऊन काठीने ती गादी दाबली. काठी आत गेली, हातापर्यंत गेली आणि कशालाही लागली नाही. त्याने एक विटेचा तुकडा टाकला. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

काकांनी बोक्याला उचलून चार पावलं मागे नेलं आणि त्याला खाली ठेवायचं विसरूनच गेले.

"यंत्र जागा सांगतं," शंकासुर म्हणाली. "खड्डा आहे हे सांगत नाही."

तेवढ्यात रोपवाटिकेच्या बाजूने डंपरचा घरघराट ऐकू आला.

"मामा, तू इथेच थांब, कुणाला जवळ येऊ देऊ नकोस. बोका तुझ्याजवळ," सेनापतीने हुकूम सोडला. या वेळी तो सगळ्यांनी मानला.

शंकासुर आणि सेनापती काट्यांतून कसे धावले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. पोहोचले तेव्हा डंपर मागे मागे येत विहिरीला भिडत होता. रोपांच्या दोन ओळी चाकांखाली गेल्या होत्या. आणि आत्या कठड्यावर, लाल फुलीच्या वर बसली होती. हातात पाण्याची झारी होती.

"बाई, उतरा. माझी नोकरी जाईल," मुकादम विनवत होता.

"तुमची नोकरी जाईल, माझी विहीर जाईल. बघू आधी काय जातं."

सेनापती धापा टाकत काहीतरी बोलायला निघाला. शंकासुरने त्याला कोपर मारलं. 'तुम्ही चुकलात' असं सांगितलं की मोठी माणसं ऐकायचं बंद करतात, हे तिला धोब्याच्या गल्लीत यंत्राला दोष देणाऱ्या काकांकडे बघूनच कळलं होतं.

"मुकादमकाका, तुमचं यंत्र किती छान आहे. बघू?"

मुकादमाला त्या दिवसात पहिल्यांदाच कोणी गोड बोललं होतं. त्याने यंत्र दाखवलं. "बघ पोरी. हेच ठिकाण. एक पाऊल इकडे नाही, तिकडे नाही."

"मग इथे पंचवीस सेकंद कसे?"

"आकडाच तो आहे. बारा पॉइंट पंचवीस. साहेबांनी दिलेला."

"मुकादमकाका, साहेब म्हणाले, सव्वा तासाने भेटा, तर तुम्ही किती वेळाने जाल?"

"एक तास पंधरा मिनिटांनी. का गं?"

"एक तास पंचवीस मिनिटांनी का नाही?"

"सव्वा म्हणजे पंधराच की," मुकादम म्हणाला. मग यंत्राकडे बघितलं. मग कठड्याकडे. मग परत यंत्राकडे. ड्रायव्हरने डंपरचं इंजिन बंद केलं. काहीतरी महत्त्वाचं चाललं आहे हे त्यालाही जाणवलं असावं.

"बारा आणि पंधरा घालून बघा," शंकासुर म्हणाली. "मग बाण दाखवेल तिकडे आपण जाऊ. तिथे माझे काका उभे आहेत, विहिरीच्या काठावर."

मुकादमाने आकडा बदलला. बाण दक्षिणेकडे फिरला. आत्या कठड्यावरून उतरली ती तडक त्या दिशेने चालू लागली आणि सगळे तिच्यामागून निघाले.

वेली बाजूला करून मुकादमाने आत डोकावलं आणि झटकन मागे सरला. त्याने साहेबांना फोन लावला. या वेळी साहेबांनी उचलला. बोलणं लांबलं. मुकादम 'हो साहेब' आणि 'पंधरा साहेब' एवढंच म्हणत होता. शेवटी फोन खिशात घालत तो म्हणाला, "साहेब म्हणतात, त्यांनी आधीच सांगितलं होतं, नीट बघा म्हणून."

"कधी सांगितलं?" सेनापतीने विचारलं.

"आत्ता."

डंपर भट्टीच्या जुन्या रस्त्याने वळवून आणला. राडारोडा पडक्या विहिरीत कोसळू लागला. पहिल्या लोटाचा आवाज खोलवरून आला, नंतरचे वर वर येत गेले. बोका काकांच्या खांद्यावर बसून पाहत होता आणि त्याला झोप येत नव्हती. शंकासुर त्याचा पाय धरून उभी होती. सोडावासा वाटत नव्हता.

"मुलांनी स्वतः शोधून काढावं, म्हणून मी यंत्र मुद्दाम चुकीचं लावलं होतं," काका ड्रायव्हरला सांगत होते.

"पोर हुशार आहे तुमची," ड्रायव्हर म्हणाला. काकांच्या हुशारीबद्दल तो काही बोलला नाही.

परतताना मुकादम रोपवाटिकेत घुटमळला. चिरडलेली रोपं त्याने वाकून उचलली, जी जगतील असं वाटलं ती बाजूला ठेवली. "बाई, या पोरीने आज मला वाचवलं," तो म्हणाला. "तुमची विहीर बुजवली असती, आणि ती पडकी उघडीच राहिली असती. उद्या कुणी पडलं असतं, तर मी जेवलो नसतो."

"बसा," आत्या म्हणाली.

तिने पंप सुरू केला. नळीने एक खोकला काढला आणि पाणी धो धो ओळींमध्ये शिरलं. दिवसभर तापलेल्या मातीचा वास सुटला. आत्याने नळीखाली तांब्या धरला, मुकादमाला दिला, ड्रायव्हरला दिला, मग पोरांना. शेवटचा तांब्या तिने स्वतः घेतला आणि घटाघट संपवला. सकाळपासून तिच्या पोटात गेलेली ती पहिली गोष्ट होती.

मग ती विहिरीच्या कठड्याला टेकून बसली, शंकासुरला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत अडकलेले काटे एकेक करून काढू लागली. पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलं तरी कोणी पंप बंद करायला उठलं नाही.