समुद्राकडची झडप

ही गोष्ट माझ्या मेव्हण्याची, सेमेसाची. त्या रात्री तो यकोना पिऊन झिंगलेला नव्हता, हे आधीच सांगतो. वाट्या खाली ठेवा नि ऐका.

सेमेसा आपल्या खाडीवरच्या सांडपाण्याच्या केंद्रात रात्रपाळीला असतो. गेल्या ईस्टरच्या आदल्या शनिवारी, अकराच्या सुमारास वीज गेली. हवा फुंकणारी यंत्रं बंद पडली. हवा नसली की टाकीतले घाण खाणारे जंतू गुदमरतात, पाणी साफ होत नाही. गावाचं सांडपाणी मात्र येतच राहतं.

इन्चार्ज इसिमेलीचा फोन आला. "समुद्राकडची झडप उघड. जाऊ दे सगळं खाडीत."

"साहेब, तिथं बायका शिंपले काढतात."

"एवढ्या रात्री कोण काढतंय? भुतं? उघड म्हटलं ना!"

सेमेसा बॅटरी घेऊन निघाला. जानेवारीतही त्यानंच झडप उघडली होती. नंतर आठवड्याभरात खाडीतले शिंपले खाऊन लितिया बुबू जुलाबानं गेली. आईमागं त्याला वाढवलं होतं ते याच आजीनं.

पहिल्या टाकीत, जिथं गाळ खाली बसतो, तिथं चुळुक् झालं. त्यानं बॅटरी फिरवली.

पाण्यात कुणीतरी उभं होतं. कमरेएवढ्या पाण्यात. टाकी दोन पुरुष खोल...

पांढरे केस. वाकून तळ चाचपत होती.

"बुबू?"

...

तो पळत सुटला. पुढं हवेची टाकी. तिथंही ती. मग निवळीची टाकी. तिथंही. पाण्याबरोबर पुढं पुढं. समुद्राकडं.

झडप आली. चाकावर हात ठेवला. चाक बर्फासारखं गार.

मागून आवाज आला. "झालं का रे साफ?"

...

"नाही, बुबू... अजून नाही."

त्यानं हात काढला. वळून बघायचा धीर झाला नाही. येणारं सांडपाणी त्यानं आवारातल्या रिकाम्या तळ्यात वळवलं आणि जुना जनरेटर खोलून बसला. पहाटे हवा सुरू झाली. खाडीत थेंबही गेला नव्हता.

सकाळी इसिमेली तळं बघून भडकला. "आता हे उपसणार कोण? तुझी आजी?"

 सेमेसा साहेबाला घेऊन शेवटच्या टाकीपाशी गेला. त्या पाण्यात क्लोरीन असतं. किडासुद्धा जगत नाही.

तळाशी मूठभर शिंपले होते. तोंडं उघडत होते... मिटत होते.