तुंगाचा कोरा कान

"हिरव्या शिंगांची सात गुरं फाटकातून आत आली. मी स्वतः उभं राहून सात रेघा ओढल्या," कृष्णस्वामीकाका म्हणाले. "म्हणजे तुंगा नाहीशी झाली ती गोठ्यातून. आणि रात्री गोठ्यात निजतं कोण? तू."

अय्याकण्णू गुराखी मान खाली घालून उभा होता. "सामी, मी सगळी गुरं..."

"वहीत सात आहेत. उन्हं उतरायच्या आत झोपडी रिकामी कर."

वेदवती आणि वादिराज ही भावंडं ओसरीच्या खांबाआड उभी होती. पोंगलच्या सुटीत ती कुंभकोणमहून काकांच्या इन्नंबूरच्या शेतावर यायची. अय्याकण्णूची मुलगी शिवकामी ही त्यांची इथली मैत्रीण. तिची आई आता झोपडीतली भांडी बाहेर काढत होती.

काल गुरांचा पोंगल झाला होता. गुरांना न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, पूजा केली आणि संध्याकाळी साऱ्या गावची गुरं एकदम मोकळी सोडली. काकांची शिंगं दरवर्षी हिरवी, बाकीच्यांची लाल नाहीतर निळी. गुरं परत आली, काकांनी वहीत रेघा ओढल्या, आणि सकाळी पाहतात तर गाभण तुंगाची जागा रिकामी.

"अप्पा चोर नाहीत," शिवकामी म्हणाली. ती रडत नव्हती, चिडली होती.

"माहीत आहे गं," वादिराज म्हणाला. "पण सात रेघा आहेत ना."

"रेघा गाईंच्या की शिंगांच्या?" वेदवतीनं विचारलं.

"म्हणजे?" वादिराज म्हणाला.

"काकांनी हिरवी शिंगं बघून रेघा ओढल्या. गावात हिरवा रंग आणखी कुणाकडे होता?"

शिवकामी ताडकन उठली. "रुक्मिणीबाईंकडे. त्यांचा लाल रंग संपला म्हणून तुझ्या काकांनीच उरलेला डबा दिला. मीच पोचवला."

रुक्मिणीबाई शेजारच्या मळ्यात आपल्या गाईपुढे पेंढा टाकत होत्या. गाईची शिंगं हिरवीगार.

"आत्या, तुमची गाय काल रात्री कुठं होती?" वेदवतीनं विचारलं.

"कुठं म्हणजे? तुमच्या गोठ्यात. गर्दीत घुसली तुमच्या गुरांबरोबर. पहाटे जाऊन सोडून आणली."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"तुझे काका पूजेला बसलेले, अय्याकण्णू झोपलेला. आणि माझीच गाय आणायची तर काय नादस्वर वाजवत आणू?"

म्हणजे तुंगा काल फाटकातून आत आलीच नव्हती. सातवी रेघ रुक्मिणीबाईंच्या गाईची होती.

वादिराज धावत घरी गेला आणि तसाच परत आला. "काका बैलगाडी घेऊन स्वामीमलैला गेलेत. हिरव्या शिंगांची गाय पाहिली का, म्हणून विचारत फिरणार आहेत."

"गुरं नदीवरून येतात," शिवकामी विचार करत म्हणाली. "वाटेत नारळीच्या बागेत एक गुरांचा व्यापारी उतरलाय. जेवणं झाली की तो कळप हाकणार."

वादिराज पुन्हा पळत सुटला. वेदवतीनं त्याचा सदरा धरला.

"तिथं जाऊन काय सांगशील? आमची काळी गाय द्या?"

"अक्का, सोड ना. तो निघून जाईल."

"त्याच्याकडे काळ्या गाई चिक्कार असतील. आधी लिहायचं. रंगवता, तासता, बदलता येत नाही तेवढंच. तिघांनी वेगवेगळं लिहायचं, आणि तिघांचं जुळेल तेच ठेवायचं."

तिघं तीन दिशांना तोंडं करून बसली. मग वेदवतीनं कागद शेजारी शेजारी मांडले. उजव्या खांद्यावर केसांचे दोन भोवरे, एकाखाली एक. हनुवटीखाली चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका. मागच्या डाव्या खुराला चीर. हे तिघांचंही जुळलं. एक कान फाटलेला, हेही जुळलं. पण वादिराजनं उजवा लिहिला होता, शिवकामीनं डावा, आणि वेदवतीनं बाजू लिहिलीच नव्हती.

"उजवाच," वादिराज म्हणाला. "पैज लाव."

"तुझ्या पैजेवर अय्याकण्णूंचं घर लावू? जागा कोरी सोड."

बागेकडे जाताना त्यांनी गावचे तंटे सोडवणारे मुनसिफ त्यागराज पिळ्ळै यांना घरातून अक्षरशः ओढून काढलं. म्हातारे गृहस्थ विडा चघळत निघाले. वेदवतीनं बागेच्या कुंपणाबाहेरच कागद त्यांच्या हातात दिला. "आम्ही अजून आत गेलो नाही, हे लक्षात ठेवा."

कळप उठवला जात होता. व्यापाऱ्याच्या सगळ्या गुरांची शिंगं तासून काळ्या तेलानं चोपडलेली. हिरव्याचा मागमूस नाही.

"तुंगे," वादिराजनं हाक मारली. चार गाईंनी माना वळवल्या.

शिवकामीनं मात्र एकीकडे बोट दाखवलं. "ती."

व्यापारी हसला. "ही त्या काढून टाकलेल्या गुराख्याची पोर ना? ती कुठल्याही गाईकडे बोट दाखवेल. ही माझी विकत घेतलेली गाय आहे." तो गाईच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले. "तुमची ना? मग सांगा, फाटका कान कोणता?"

वादिराजनं तोंड उघडलं. वेदवतीनं त्याला इतक्या जोरात चिमटा काढला की ते तसंच मिटलं.

"आम्हाला नक्की आठवत नाही," ती म्हणाली.

"ऐकलंत?" व्यापारी जमलेल्या माणसांकडे वळला. "स्वतःच्या गाईचा कान माहीत नाही." माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या पोरांना. कळप हाकणाऱ्या गड्यानं काठी उचलली.

"थांब," मुनसिफ म्हणाले. विडा थुंकून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग सावकाश गाईभोवती फिरले. खांद्यावरचे केस बोटांनी उलटे केले. हनुवटी वर केली. वाकून खूर पाहिला.

"दोन भोवरे, आहेत. ठिपका, आहे. चीर, आहे. आणि इथं लिहिलंय, 'एक कान फाटका'. कोणता, ती जागा कोरी." त्यांनी व्यापाऱ्याचे हात बाजूला केले. डावा कान फाटलेला होता. वादिराजनं हळूच आपल्या कानाची पाळी धरली.

"मनानं गाय रचणारा माणूस कान कोरा ठेवत नाही," मुनसिफ म्हणाले. "आता तू सांग. कुणाकडून घेतलीस? त्याला बोलावू."

व्यापाऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. "काल संध्याकाळी आपणच कळपात शिरली," तो पुटपुटला. "मालक आला असता तर दिली असती."

"म्हणून आल्या आल्या शिंगं तासलीस?"

शिवकामीनं तुंगाचं दावं हातात घेतलं.

काका गाडीतून उतरले तेव्हा तुंगा फाटकात उभी होती आणि मुनसिफ ओसरीवर ताक पीत बसले होते. "कृष्णस्वामी, वही लिहायला या पोरांकडून शिक," ते म्हणाले. सगळं ऐकून झाल्यावर काकांनी वहीतली सातवी रेघ खोडली. मग ते झोपडीकडे गेले. दारात बांधून ठेवलेली भांडी त्यांनी स्वतः उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"अय्याकण्णू, चूक माझी झाली," ते म्हणाले. मुलांनी काकांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

सुटी संपायच्या आदल्या सकाळी तुंगा व्याली. काका नवी वही घेऊन गोठ्यात आले. प्रत्येक जनावराला त्यांनी आता वेगळं पान दिलं होतं.

"कालवड. कपाळावर चांद," ते लिहिता लिहिता म्हणाले. "भोवरे?"

"पाठीवर एक असणार, काका," वादिराज म्हणाला. "लिहून टाका."

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अंग अजून ओलं आहे. तुंगा चाटते आहे." त्यांनी लेखणी उचलून धरली. "वाळू दे. तोवर कोरं राहील."