फाळक्याचा रंग

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईत एका रंगाच्या दुकानात उभा होतो. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेदहा. काउंटरवर हिरव्या रंगाचे आठ-नऊ नमुने मांडलेले, आणि त्यांच्या शेजारी मी पिशवीतून नेलेलं एक पत्र्याचं झाकण. दादाच्या जुन्या ट्रकमध्ये ड्रायव्हरसमोर जो कप्पा होता, त्याचं ते झाकण. बाहेरून उन्हाने पांढरं पडलेलं, पण आतल्या बाजूला मूळ रंग जसाच्या तसा होता.

"आतल्या बाजूशी जुळव," दादाने बजावलं होतं. "बाहेरचं बघू नको. अन् स्वस्तातला आणू नको, नाना."

दुकानदार भगवानराव घाई करणारे नव्हते. त्यांनी झाकण उजेडात धरलं, अंगठ्याने पुसलं, पुन्हा धरलं.

"मूळचा एनसी आहे हा, जुन्या गाड्यांचा लॅकर," ते म्हणाले. "तोच लावायचा तर प्रत्येक थराला पाणी मारून घासपेपर फिरवावा लागेल. पाणी आहे का गावात?"

"आठ दिवसांनी टँकर येतो."

"मग राहू द्या. साधं एनॅमल घ्याल तर दोन उन्हाळ्यांत खडू होईल. पीयू न्या, आताच्या गाड्यांना मारतात तो. हार्डनर घालून मारायचा, ऊन सोसतो. फक्त पत्रा नीट करून घ्या. चकाकी वाढली की खालचा खड्डा जास्त दिसतो."

त्यांनी रंग मिसळायला घेतला आणि माझा फोन वाजला. वहिनी होती.

"भाऊजी... ह्ये उठनात."

एवढंच बोलली. मी डबा बंद करायला सांगितला, त्याला सुतळी बांधून घेतली, हार्डनरची बाटली मोजून पिशवीत ठेवली, आणि मग निघालो. एवढं सगळं कसं केलं, ते मला आजही सांगता येत नाही.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पुढे, मोठा रस्ता सोडून चार किलोमीटर आत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ बद्रीनाथ, गावच्या सोसायटीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. लांब नाकाची, पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी. खतं आणायची, सरकी न्यायची. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात तिच्यात लोखंडी बॅरल ठेवून पाणी वाटलं. पुढे सोसायटी बंद पडली. गाडी गोदामामागच्या पत्र्याच्या शेडात विटांवर उभी राहिली ती राहिलीच. दादाने म्हातारपणी ती मागून घेतली आणि तीन वर्षं तिच्यात घातली. इंजिन खोललं, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले, वायरिंग नव्याने केलं. रंग तेवढा राहिला होता.

"रंग झाला की पहिली खेप टेकडीवरच्या वस्तीला," तो म्हणायचा. ती मेंढपाळांची वस्ती. "पाण्याची खेप. अन् मागं तू बसायचं."

"मी पन्नाशीचा झालो, दादा. केबिनमध्ये बसतो की."

"मागंच बसायचं."

आणखी एक गोष्ट तो म्हणायचा. सत्त्याऐंशीपासून म्हणायचा. "ही गाडी मागून कुणी धरल्यावानी चालती बे." कैक मिस्त्र्यांनी ब्रेक बघितले, बेअरिंग बघितली. दोष कुणालाच सापडला नाही.

मी अंबाजोगाईला शिक्षक. तेरावा झाल्यावर मी शाळा उघडेपर्यंत गावात राहायचं ठरवलं. दादाने हातात घेतलेलं हे एकच काम अर्धं राहिलं होतं, आणि ते मी करू शकेन असं मला वाटत होतं. केजहून बंकट नावाच्या पेंटरला बोलावलं. चाळिशीचा, कामाला चोख, तोंडाला फटकळ.

बंकटने आठ दिवस पत्रा घासला. जिथे पाण्याशिवाय भागेना तिथे वहिनीने, चतुराबाईने, न्हाणीतलं सांडपाणी गाळून दिलं. मग रंग. उन्हाळ्यात नऊ वाजले की वारं सुटतं आणि धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून तो पहाटे पाचला कंप्रेसर सुरू करायचा. शेडात थिनरचा वास कोंडायचा. पहिल्या दिवशी नाक, दुसऱ्या दिवशी केबिन, तिसऱ्या दिवशी बाजूच्या फळ्या. झाकणाच्या आतल्या बाजूचा तोच हिरवा रंग गाडीभर पसरत गेला. दादाने हे बघायला हवं होतं.

चौथ्या दिवशी फाळका घेतला. फाळका म्हणजे ट्रकच्या मागची उघडझाप होणारी फळी. आमच्या गाडीची ती लोखंडी पत्र्याची होती. बंकटने ती काढून साखळीने टांगली आणि दोन्ही बाजूंनी रंगवली.

दुपारी तो मला हाक मारायला आला. "सर, जरा बघता का?"

फाळक्याच्या आतल्या बाजूला, वरच्या काठाखाली, चार फोड आले होते. सुपारीएवढे, एका ओळीत. बंकटने टाचणीने एक फोडला. आतून पाणी आलं. थेंबभर नाही, चांगलं ओघळलं.

"कंप्रेसरच्या टाकीत ओल असती कधी कधी," तो म्हणाला. "माझीच चूक. काढतो."

त्याने टाकी रिकामी केली, फोड घासून काढले, पुन्हा रंग दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी चार फोड. तिथेच.

"ग्रीस असंल." थिनरने तीनदा पुसलं. पुन्हा चार फोड.

तेव्हा त्याने फाळका थेट लोखंडापर्यंत सोलला, प्रायमर मारला, दोन दिवस उन्हात ठेवला. हात लावला तर चटका बसत होता. मग रंग दिला आणि त्याच वेळी शेजारी एक साधा पत्र्याचा तुकडा टांगून त्यालाही त्याच स्प्रेच्या बंदुकीने तोच रंग मारला. तुकडा आरशासारखा निघाला. फाळक्याला चार फोड.

"गावाला आठ दिवसांनी टँकर, अन् तुमच्या फाळक्याला रोज पाणी," बंकट म्हणाला. "नळयोजना हितूनच काढा, सर." पण हसला नाही. "लाकूड असतं तर म्हणलो असतो ओल धरली. हे लोखंड हाय."

मग त्याने फाळका फिरवला.

"हिकडून बी हाय एक. आधी कावून दिसला न्हाई?"

बाहेरच्या बाजूला एकच फोड होता. आतल्या चारांच्या बरोबर पाठीमागे, जरासा आडवा. बंकटने आपला उजवा हात बाहेरून काठावर ठेवला. त्याची चार बोटं आतल्या चार फोडांवर आली. अंगठा बाहेरच्या फोडावर. त्याचा हात मोठा होता. फोड त्याच्या बोटांच्या आत राहिले.

त्याने हात झटकन काढला, पँटला पुसला.

"बाईमाणसाची पकड हाय ही," तो म्हणाला.

मला ती पकड ओळखीची होती.

सत्त्याऐंशी साली मी एकवीस वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीने मला पाणीवाटपाच्या कामावर ठेवलं. दादा गाडी चालवायचा, मी मागे बॅरलांजवळ सभासदांची यादी घेऊन बसायचो. नाव आलं की घागर भरायची, नावासमोर खूण करायची. सोसायटीचं पाणी सोसायटीच्या सभासदांना. नियम साधा होता आणि मला तो बरोबर वाटायचा. मेंढपाळांकडे शेती नव्हती, म्हणून ते सभासद नव्हते.

त्या दिवशी पाणी वाटून आम्ही टेकडीच्या वळणावरून परतत होतो. शेवटच्या बॅरलात अर्धं पाणी होतं. चेअरमनच्या घरी न्यायचं होतं. चढ असल्याने गाडी हळू होती. मेंढरंवाल्या सटवाची बायको मनकर्णा मागून धावत आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताने तिने फाळक्याचा काठ धरला.

"भाऊ, घोटभर. लेकरापुरतं..."

"यादीत नाव नाही," मी म्हणालो.

"नाव काय करायचं हाय, भाऊ. तांब्याभर दे."

ती धरून धावत राहिली. मी तिची बोटं सोडवली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं, मग पहिलं. जोर लागला नाही फारसा. बॅरल हिंदकळून फाळक्यावर पाणी सांडत होतं, त्यामुळे तिची बोटं ओली होती. तेवढंच पाणी तिला आमच्या गाडीतून मिळालं.

तिसऱ्या दिवशी ती वस्तीजवळच्या जुन्या विहिरीत सापडली. तळाचं पाणी खरवडायला उतरली होती, असं लोक म्हणाले. मी सुट्टी संपण्याआधीच अंबाजोगाईला निघून गेलो. हे मी कुणाला बोललो नाही. दादाला तर नाहीच.

बंकट त्या दिवशी लवकर गेला. मी शेडात एकटाच बसून होतो. बाहेर टळटळीत दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही. वर पत्रा तापून मधूनच टण् वाजत होता. थिनरच्या वासात आणखी एक वास मिसळला होता. ओल्या पितळेचा. तहानेने तांब्या तोंडाला लावल्यावर येतो तसा.

वहिनी चहा घेऊन आली. फाळक्याकडे तिने बघितलं. कप खाली ठेवून ती पोत्यावर बसली.

"त्यांनी आरशात बघितलं होतं, भाऊजी."

"काय?"

"तुमी बोटं सोडवली ते. गाडीच्या आरशात दिसलं त्यांला."

मी कप उचलला आणि परत ठेवला. "तुम्हाला कधी सांगितलं?"

"लगीन झालं त्याच वर्षी. म्हणायचे, नाना आपणहून बोलंल. दर दिवाळीला तुमी यायचे, अन् तुमी गेलात की म्हणायचे, यंदा बी न्हाई बोलला."

"मग त्याने गाडी का थांबवली नाही?" मला आवाज चढवायचा नव्हता, पण तो चढला.

"त्येच," वहिनी म्हणाली. "त्यांनी बी थांबवली न्हाई. तेच त्यांला खायाचं." उठताना ती म्हणाली, "म्हणून तर तुमाला मागं बसा म्हणत होते. दोघं मिळून जाऊ म्हणायचे. आता जे करायचं ते तुमालाच."

खेपेचा दिवस ठरवला. वहिनीने गावच्या टँकरवाल्याला सांगून आमची सहा बॅरल भरून घेतली. आदल्या पहाटे बंकटने फाळका जागेवर बसवला आणि शेवटचा थर दिला. "आले फोड तर येऊ द्यायचे," तो म्हणाला. "आता घासायचं न्हाई." दिवसभर मी मुद्दाम तिकडे फिरकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बंकट ड्रायव्हरच्या जागेवर चढला. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. कोवळ्या उन्हात ती अशी दिसत होती की गावातले दोघं-तिघं जण बघायला थांबले. वहिनीने बॉनेटला हळदकुंकू लावलं. मी मागे गेलो.

फाळक्यावर फोड होते. पण उलटे. चार फोड बाहेरच्या बाजूला होते, माझ्यासमोर, एका ओळीत. मी काठावरून वाकून आत पाहिलं. आतल्या बाजूला एकच होता. आडवा.

फाळका उलटा बसवता येत नाही, बिजागऱ्या एकाच बाजूला आहेत. मी तिथेच उभा राहून विचार करत होतो. बाहेरून लोंबकळणाऱ्याची बोटं आत येतात. बाहेर बोटं आणि आत अंगठा, अशी पकड आत बसलेल्या माणसाचीच असते. गाडीत फक्त सहा बॅरल होती, नळी होती, आणि मी पूर्वी बसायचो ती आडवी फळी.

मी हात पुढे केला. काठ धरून चढायचं म्हणजे त्या चार फोडांच्या शेजारीच धरावं लागणार होतं. माझा हात काठापर्यंत गेला नाही.

मागचा पाटा करकरला.

"बसले न्हवं, सर?" बंकटने केबिनमधून विचारलं. "दबली गाडी. निघू का?"

मी खालीच उभा होतो. दोन्ही पाय मातीत.

"सर?..."

"थांब," मी म्हणालो. "थांब जरा."

बंकट उतरून मागे आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, फाळक्याकडे पाहिलं, आणि जाऊन इंजिन बंद केलं. ऊन वर आल्यावर वहिनीने बॅरलमधलं पाणी गावातल्या बायकांना वाटून टाकलं.

गाडी शेडातच आहे. रंग उत्तम बसला आहे, अजून कुठे फिका पडलेला नाही. भगवानरावांनी सांगितलं होतं तसंच. टेकडीवरच्या वस्तीची खेप अजून गेलेली नाही.