पंखा आत आहे

“केस बांध आधी. त्या पंख्याजवळ मोकळ्या केसांनी जायचं नाही,” बाबांनी खालून दम भरला.

मास्तरीण बोटीत चढून बाकांखालची धूळ पुसत होती. पंखा होता ताटलीएवढा, स्टीअरिंगशेजारी चिमट्याने अडकवलेला, आणि त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. त्याला फिरवायचं म्हटलं असतं तरी तो फिरला नसता. पण तिने मुकाट्याने केस बांधले, कारण बाबांचे पंख्याचे नियम सकाळपासून सगळ्या घराला पाठ झाले होते. जाळी काढायची नाही. चालू असताना हात घालायचा नाही. दोरी, केस, कचरा जवळ न्यायचा नाही. बोट विकणाऱ्या गृहस्थांनी फोनवर बजावून सांगितलं होतं म्हणे.

मास्तरीण हे तिचं नाव नव्हे, पण येताजाता सगळ्यांच्या चुका काढणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? तिच्या धाकट्या भावाला भोपळा म्हणायचे, कारण एकदा त्याने गणितात तो आणला होता आणि वर पेढे मागितले होते. तिसरा सुट्टीला आलेला आतेभाऊ. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, म्हणून तो शंकासुर.

बोट जुनी होती, पण घराला नवीच. अंगणात ती चाकांच्या गाड्यावर उभी होती आणि तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘जेट’ असं लिहिलं होतं. बाबांना वाटलं, ते तिचं नाव. त्यांना ते आवडलंही. उद्या सकाळी ती तलावात उतरवायची होती, म्हणून सकाळपासून नुसती धांदल चालली होती. आई लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून तपासत होती. नांगराची दोरी किती लांब हवी यावर बाबा आणि आजोबांचं बिनसलं होतं. भोपळ्याला भोंगा लावायचं काम दिलं होतं, तो तेवढं सोडून भोंगा वाजवण्याचं करत होता. ब्रेक कुठे आहे असं शंकासुराने दोनदा विचारलं आणि बोटीला ब्रेक नसतो हे ऐकून तो फार अस्वस्थ झाला.

या सगळ्यात खरं काम केलं होतं मामाने. आईचा हा धाकटा भाऊ महिन्यापूर्वी बॅग घेऊन आला होता, नोकरी मिळेपर्यंत राहायला. मागचे तीन दिवस तो एकटा बोट घासत होता. मामा म्हणजे सोन्यासारखा माणूस, फक्त दोन खोडी. एक, हातातलं कोणालाही देऊन टाकायचा. गेल्या वर्षी आजोबांची छत्री त्याने भर पावसात एका अनोळखी माणसाला दिली आणि स्वतः भिजत घरी आला. दुसरी खोड म्हणजे विसराळूपणा. छत्री कोणाला दिली हेही त्याला सांगता आलं नव्हतं.

दुपारच्या चहाआधी आजोबा सहज बोटीच्या मागच्या बाजूला गेले. तरुणपणी ते रोज होडीने नदी ओलांडून शाळेत शिकवायला जात, त्यामुळे पाण्यावरच्या कुठल्याही गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा. ते वाकले, खाली बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं.

“पंखा कुठंय?” त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, आहे की, आत आहे, आणि ताटलीएवढ्या पंख्याकडे बोट दाखवलं.

“अरे, तो वाऱ्याचा. पाण्याचा कुठंय? बोट कशाच्या जोरावर पळणार, तुझ्या?”

सगळे मागे धावले. खरंच, बोटीच्या मागे पंखा नव्हता. एक जाड तोटी होती, ती आजोबांच्या मते धुराची. खाली पोटाला एक जाळी होती, ती बाबांच्या मते आतलं पाणी निथळायची. पंखा मात्र कुठेच नव्हता.

बाबांचा चेहरा पडला. बोट घेण्याआधी ते स्वतः तिच्यात बसून तलावाला चक्कर मारून आले होते. मागून पाण्याचा फवारा उडत होता आणि बाबांनी टोपी घट्ट धरली होती आणि डोळे घट्ट मिटले होते. म्हणजे तेव्हा पंखा होता. पंख्याशिवाय बोट पळते का? मग तो गेला तो इथे, या अंगणातून, या तीन दिवसांत. आणि तीन दिवस बोटीला हात कोणाचा लागला होता?

सगळे मामाकडे वळले. मामा फडकं पिळत उभा होता. तो आधी ठामपणे नाही म्हणाला. मग बाबांनी विचारलं, नक्की? तर तो आठवू लागला. काही झाकणं काढली होती खरी, धुवायला. परत बसवली. दोन स्क्रू उरले होते. आणि बोटीतलं गंजकं सामान पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं.

“त्यात पंखा होता का?” बाबांनी विचारलं.

“नसावा,” मामा म्हणाला. मग खूप वेळ विचार करून म्हणाला, “असेलही. भावोजी, मला खरंच आता काही कळेनासं झालंय.”

बाबा तसे शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. ज्याला स्वतःच्या हातांनी केलेलं आठवत नाही त्याच्या हातात माझं घर मी देऊ शकत नाही, असं ते बोलून गेले. मामाने हातातलं फडकं वाळत घातलं. आत गेला आणि बॅग भरायला लागला. संध्याकाळची बस होती. आई स्वयंपाकघरात एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिली, तिला नवऱ्याचा राग येत होता आणि भावाचाही.

भोपळ्याला रडू फुटलं. मामा गेला तर सुट्टीत उरतं काय? सायकल शिकवली मामाने, शिट्टी वाजवायला शिकवली मामाने.

“रडून पंखा येणार नाही. भंगारवाल्याकडे चला,” मास्तरीण म्हणाली.

भंगारवाल्याचं दुकान रस्त्याच्या टोकाला. पोतं अजून तसंच पडलं होतं, कारण मामाने ते फुकट दिल्यामुळे त्याला वजन करायची घाई नव्हती. तिघांनी ते उपडं केलं. गंजकी साखळी, मोडका डबा, खुर्चीचा पाय, एक दरवाजाची कडी. पंखा नव्हता. भोपळ्याने पोत्यात डोकं घालून पुन्हा पाहिलं आणि शिंकत बाहेर आला.

घरी परत आले तर नवाच गोंधळ. बाबांनी गल्लीतल्या फिटरला बोलावलं होतं. हा गाड्या, मोटारी, पंप, शिलाई मशीन, काहीही दुरुस्त करायचा आणि ‘होऊन जाईल’ याखेरीज दुसरं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं की नवीन पंखा बसवता येईल. मागे भोक पाडायचं, दांडा घालायचा, त्याला पंखा, होऊन जाईल. मोठं ड्रिल आणायला तो निघूनही गेला.

शंकासुर बोटीच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याने मागची भिंत हाताने चाचपली. मग त्याचे डोळे बारीक झाले, शंका आली की ते तसे होत.

“भोक पाडायचं म्हणजे आत्ता भोक नाही,” तो म्हणाला. “मग चोरीला गेलेला पंखा कुठे बसवला होता? मामाने पंखा देऊन टाकला असेल, पण भोक कसं देऊन टाकेल?”

मास्तरणीनेही भिंत चाचपून पाहिली. तिला चूक काढता येईना, म्हणजे मुद्दा बरोबर होता. पण मग बोट पळाली कशी? डोकं चालेना. आधी पंखा हरवला होता, आता तो कधी नव्हताच असं निघत होतं, आणि बाबा तर त्या बोटीत बसून आले होते.

भोपळा तोवर स्टीअरिंगवर चढून बसला होता. दुःखात असला तरी स्टीअरिंग दिसल्यावर फिरवल्याशिवाय त्याला राहवत नसे. त्याने चाक डावीकडे फिरवलं, आणि मागे उभ्या शंकासुराने किंकाळी फोडली. धुराची तोटी हलली होती. चाक उजवीकडे, तोटी उजवीकडे. चाक डावीकडे, तोटी डावीकडे.

“धुराला वळायची काय गरज?” शंकासुराने विचारलं.

 मास्तरणीने आधी एक शहाणपणाचं काम केलं. किल्ली इंजिनाला नाही ना हे पाहिलं, ती घरात खुंटीवर होती, तिथून आणून खिशात टाकली. मग तिघं पोटावर सरपटत गाड्याखाली शिरले आणि पाणी निथळायच्या त्या जाळीतून टॉर्च मारला. आत एक बोगदा होता, मागे तोटीकडे जाणारा. आणि बोगद्यात, अंधारात, लखलखीत पाती होती. वळलेली, गोल मांडलेली, एकाला एक लागून.

“पंखा,” भोपळा पुटपुटला. “बोटीने गिळलाय.”

आणि मास्तरणीला एकदम ते नियम आठवले. जाळी काढायची नाही. हात घालायचा नाही. दोरी आणि कचरा जवळ न्यायचा नाही. ती इतक्या जोरात उठली की डोकं बोटीच्या पोटावर आपटलं.

बाहेर येऊन तिने बाबांना गाठलं. पण बाबा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते, लहान तोंडी मोठा घास घेऊ नका म्हणाले, आणि आजोबांनीही नकारार्थी मान हलवली. पंखा बोटीच्या पोटात असतो असं त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. मामा बॅग घेऊन, कोणालाही न सांगताच, बसथांब्याकडे निघून गेला होता. आणि फाटकातून फिटर ड्रिल घेऊन येत होता.

सांगून कोणी ऐकत नसेल तर ज्याचं त्यालाच बघू द्यावं. मास्तरीण फिटरसमोर जाऊन अगदी साळसूद चेहऱ्याने उभी राहिली.

“काका, भोक चुकीच्या जागी पडलं तर दांडा वाकडा बसेल ना? आधी इंजिनातून निघालेला दांडा कुठे जातो ते बघता का? त्याच्या समोरच पाडा.”

हे फिटरला पटलं, किंबहुना हे आपल्याच मनात होतं असं त्याने जाहीर केलं. त्याने इंजिनाचं झाकण उघडलं. दांडा दिसला. त्यावर बोट ठेवून तो मागे मागे सरकत गेला, गेला, आणि थांबला. दांडा बोगद्याच्या भिंतीत शिरत होता. शंकासुराने त्याच्या हातात टॉर्च दिला आणि भोपळ्याने खालची जाळी दाखवली. फिटर गाड्याखाली आडवा झाला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

“होऊन... गेलंय,” आतून आवाज आला. “पंखा आत आहे.”

बाबांनी स्वतः वाकून जाळीत पाहिलं.

“बाबा,” मास्तरीण म्हणाली, “त्या गृहस्थांनी फोनवर नेमकं काय सांगितलं होतं? शब्दन् शब्द सांगा.”

बाबांनी आठवून आठवून सांगितलं. पंखा आत आहे. त्याची जाळी काढू नका. दोरी, केस, कचरा ओढून घेतो, जपा. पंखा आत असल्यामुळे मुलांना पोहायला त्यातल्या त्यात बरं, तरी इंजिन बंद करूनच पाण्यात उतरा.

“पोहण्याशी पंख्याचा संबंध तुम्हाला खटकला नाही?” शंकासुराने विचारलं.

“मला वाटलं,” बाबा हळूच म्हणाले, “पोहून आल्यावर केस वाळवायला.”

आई हसायला लागली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. मग फिटरने सगळं उलगडून सांगितलं, जणू त्याला जन्मापासून माहीत होतं. ही बोट खालून पाणी ओढते आणि मागच्या तोटीतून जोराने फेकते. तोटी वळली की बोट वळते. यालाच जेट म्हणतात. ते बोटीचं नाव नव्हतं.

आजोबा म्हणाले, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो वळसा मीच घालायला लावला. मग ते बाबांकडे वळून म्हणाले, आता इथे उभा काय राहिलास, बस सुटेल.

बाबा चपला न घालता धावले. मागून तिघं. बसथांब्यावर मामा बॅग मांडीवर घेऊन बसला होता. बाबांना पाहून तो उठून उभा राहिला आणि त्यांना बोलूच देईना.

“भावोजी, मला वाटतं आठवलं. मी तो पंखा बहुतेक कोणाला तरी दिला. त्याला जास्त गरज असेल. मी शोधून आणतो, जरा वेळ द्या.”

न केलेला गुन्हा कबूल करणाऱ्या या माणसाचा हात बाबांनी धरला.

“पंखा सापडला,” ते म्हणाले. “होता तिथेच आहे.”

मामाने डोकं खाजवलं. “म्हणजे मी परत बसवला?”

“नाही रे बाबा. तू हातच लावला नव्हतास. चुकलो मी. चल घरी.” बाबांनी त्याची बॅग स्वतः उचलली. मामाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण बॅग चालू लागल्यावर तोही चालू लागला.

दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात उतरली. किल्ली बाबांनी मामाच्या हातात दिली. तीन दिवस जिची सेवा केलीस ती तूच चालव, म्हणाले. जेट बोटीला ब्रेक नसतो आणि इंजिनाचा जोर काढून घेतला की ती वळतही नाही, हे शिकेपर्यंत मामाने दोनदा बोट गवतात घातली. तिसऱ्यांदा ती सरळ, फवारा उडवत तलावाच्या मध्यावर गेली. आजोबांनी तिन्ही मुलांना जवळ घेतलं. म्हणाले, आम्ही मोठ्यांनी चोर शोधला, तुम्ही पंखा शोधलात, हे लक्षात ठेवीन. बाबांनी शंकासुराला वचन दिलं की यापुढे त्याच्या कुठल्याही शंकेला वैतागणार नाही. ते वचन दुपारपर्यंत टिकलं.

उरलेले दोन स्क्रू भोपळ्याच्या सायकलच्या घंटीचे निघाले. आणि तो ताटलीएवढा पंखा? संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी पाहिलं तर स्टीअरिंगजवळची जागा रिकामी. त्यांनी मामाकडे पाहिलं.

“फिटरला दिला,” मामा म्हणाला. “उकाड्यात काम करतो बिचारा.” मग जरा गोंधळून विचारलं, “चालेल ना?”

“चालेल,” बाबा म्हणाले. “फक्त त्याला सांग, जाळी काढू नकोस.”