सोळा मात्रांची जागा

माझं काम कान तपासण्याचं आहे. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे आणि त्या खोलीत आणखी एक लहान खोली: भिंतींना फोम, दुहेरी काच, दाराला रबराची जाड कड. पेशंट आत बसतो, हेडफोन लावतो. मी काचेबाहेरून एकेक सूर सोडते. ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं, म्हणजे माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. काही जण सूर नसतानाही दाबतात. त्यात लबाडी नसते. ऐकायची फार ओढ असली की माणसाला काहीही ऐकू येतं. अशा दाबांपुढे मी बारीक फुली मारते.

रविवारी दवाखाना बंद असतो आणि किल्ली माझ्याकडे असते. मग मी त्या लहान खोलीत बसून गाणं रेकॉर्ड करते. घरही शांतच असतं, पण त्या शांततेत फ्रिजची घरघर असते आणि दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी असते.

आम्ही चौघं हौशी आहोत. एक दाताचा डॉक्टर, गिटार वाजवतो. एक निवृत्त पोस्टमन, त्यांचा माउथ ऑर्गन. एक शिंपीण, आम्हा सगळ्यांची काकू. ती नुसती गाते आणि पायाने ताल धरते, शिलाई मशीनवरची सवय. आणि मी, माझ्याकडे लहानसा कीबोर्ड. मला ते ‘कानबाई’ म्हणतात. दर रविवारी दुपारी बारापर्यंत प्रत्येकाने स्वतः रचलेलं गाणं फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकायचं. सहा महिने विषय एकच होता: वाद्यं. आणि नियमही एकच. गाणं ज्या वाद्याविषयी, ते वाद्य वाजवायचं नाही. त्याच्यासाठी गाण्यात सोळा मात्रा मोकळ्या सोडायच्या. ऐकणाऱ्याने ते वाद्य मनात वाजवून घ्यायचं. नियम मोडला तर दंड: पुढच्या रविवारी दोन गाणी.

पोस्टमनकाकांनी बिगुलावर गाणं केलं. डॉक्टरने ढोलावर केलं, त्यात मोकळ्या जागेत त्याच्या शेजाऱ्याचं कुत्रं भुंकलं. ‘हा ढोल नव्हे, हा दंड,’ काकूने लिहिलं. मी मात्र एक विषय टाळत होते. शेवटी एका रविवारी केलं. व्हायोलिनवर.

व्हायोलिन माझी ताई वाजवायची. एकतीस वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो. संध्याकाळी मी टेबलाशी बसून भाजी निवडायची आणि ती माझ्या डाव्या हाताला उभी राहून वाजवायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या इच्छेप्रमाणे व्हायोलिन तिच्या संगीतशाळेला दिलं. तिचं एकही रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. ‘करू गं कधीतरी,’ ती म्हणायची, आणि दिवसभर आवाज मोजणारी मी म्हणायचे, ‘करू.’

गाणं साधंच होतं. दोन कडवी, मध्ये सोळा मात्रा. दुपारी बाराला पाच मिनिटं असताना टाकलं.

डॉक्टरचं उत्तर आधी आलं. ‘वा! पण दंड. व्हायोलिन कोणाकडून वाजवून घेतलंत?’

मी हसण्याचं चिन्ह पाठवलं. मग पोस्टमनकाकांचं आलं. ‘बाईसाहेब, व्हायोलिनने डोळे भरून आले. नियम गेला खड्ड्यात.’

मी गाणं पुन्हा लावलं. सोळा मात्रा रिकाम्या होत्या. कॉम्प्युटरवर त्या तुकड्याचा आलेख काढला; एक सपाट रेघ. काकांना फोन केला.

‘काका, थट्टा पुरे झाली.’

‘चाळीस वर्षं मी पत्रं वाटली, थापा नाही वाटल्या,’ ते जरा दुखावूनच म्हणाले.

बुधवारी दुपारी काकू दवाखान्यात आली. तिची वार्षिक तपासणी होती. मशीनच्या खडखडाटाने तिचे कान उतरत चालले आहेत. वरच्या पट्टीतले बारीक सूर तिला ऐकूच येत नाहीत. तपासणी आटोपल्यावर मी म्हटलं, ‘काकू, बाहेर येऊ नका. आता माझं गाणं लावते. व्हायोलिन वाजेल तेवढा वेळ बटण दाबून धरा.’

‘माझी परीक्षा घेतेस होय गं?’

‘माझी घेतेय.’

पहिलं कडवं संपलं. हिरवा दिवा लागला. मी मात्रा मोजत होते. सोळावी संपली आणि दिवा विझला. फक्त लागताना तो अर्धा सेकंद लवकर लागला होता. मी माइकवरून कारण विचारलं.

‘अगं, सुरू करायच्या आधी ती नाकाने हवा ओढते ना, जोरात, सर्दी झाल्यासारखी,’ काकू म्हणाली. ‘तेव्हाच दाबलं. आणि डावीकडूनच का येतंय सगळं? उजवा हेडफोन बिघडलाय का?’

मग म्हणाली, ‘तो सगळ्यात वरचा बारीक सूर काय गोड लागलाय!’

मी तिच्या कानांच्या तक्त्याकडे पाहिलं. त्या उंचीपर्यंत तिची रेघ पोचतच नव्हती.

काकूने ताईला कधी पाहिलं नव्हतं. ताईच्या त्या नाक ओढण्यावरून मी तिला वर्षानुवर्षं चिडवलं होतं, पण घराबाहेर कोणाजवळ बोलले नव्हते. मी काकूला दारापर्यंत सोडलं, परत आले आणि आत बसून हेडफोन लावले. डाव्या कानाचा आवाज शेवटापर्यंत वाढवला. मला फक्त माझाच श्वास ऐकू आला. मग मी माझे कान तपासून घेतले. दोन्ही उत्तम होते.

तीन परक्या माणसांना ताई ऐकू येत होती. मला येत नव्हती. हे मला सहन होईना.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. एखादी गोष्ट अंधुक असेल तर नमुना वाढवायचा, हे मला ठाऊक आहे. पुढच्या रविवारी तेच गाणं मी पुन्हा गायलं आणि सोळाऐवजी बत्तीस मात्रा सोडल्या.

‘आज भरपूर वाजवलं,’ डॉक्टरने लिहिलं. ‘कडवं संपायच्या आधीच घुसलं की.’

मला काही ऐकू आलं नाही. त्यानंतरच्या रविवारी मी मधला भाग दुप्पट लांबवला आणि दुसरं कडवं काढूनच टाकलं.

‘कानबाई, आवाज जरा पुढे घ्या,’ डॉक्टरने लिहिलं. ‘व्हायोलिन तुम्हाला खाऊन टाकतंय.’

काकांना पहिल्या दोन ओळींपलीकडे शब्दच कळले नव्हते. मी ऐकलं. माझा आवाज स्वच्छ होता, शब्द न् शब्द स्पष्ट. आलेखातही माझीच रेघ होती, दुसरी कोणाची नाही.

त्या संध्याकाळी मी कागदावर तिन्ही रविवारांचे आकडे मांडले. मी किती जागा सोडली आणि त्यांना मी किती ऐकू आले. शाळकरी पोरालाही समजेल अशी सरळ उतरती रेघ निघाली. कोणी विद्यार्थ्याने माझ्यापुढे असा कागद ठेवला असता तर मी म्हटलं असतं, प्रयोग इथेच थांबव.

मी कागदाची घडी घातली. एकदाच ऐकायचं होतं. तिने नुसत्या तारा जुळवल्या असत्या तरी चाललं असतं.

चौथ्या रविवारी मी कीबोर्ड नेलाच नाही. लहान खोलीत बसले, दार ओढून घेतलं, रेकॉर्डिंग सुरू केलं.

‘ताई, सगळी जागा तुझी,’ मी म्हटलं, आणि गप्प बसले.

एक मिनिट गेलं. फोम, काच, माझे गुडघे.

डावीकडे कोणीतरी नाकाने हवा ओढली.

मग व्हायोलिन सुरू झालं.

हेडफोनमधून नव्हे. माझ्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर, जिथे ती उभी राहायची तिथे. गजाचं तारेवरचं खरखरणं, तिसऱ्या बोटाचा किंचित उतरलेला सूर, सगळं. मी मान वळवली नाही. वळवली तर थांबेल असं वाटलं. किती वेळ रडले मला माहीत नाही. शेवटचं आवर्तन आलं तेव्हा मी तिच्याबरोबर गायले, दोन्ही कडवी, घसा फाटेपर्यंत. आम्ही दोघी एकदम थांबलो.

तसंच ग्रुपमध्ये टाकलं. घरी आले. चहा ठेवला.

डॉक्टरचा निरोप आला. ‘अप्रतिम. पण आज गायलाच नाहीत?’

काकांचा आला. ‘दोन व्हायोलिनं म्हणजे डबल दंड, बाईसाहेब!’

मी निरोप दोनदा वाचला. ‘दोन’ हा शब्द तिसऱ्यांदा.

तेवढ्यात फोन वाजला. काकू होती.

‘हॅलो,’ मी म्हटलं.

‘हॅलो? कानबाई?’

‘बोला ना, काकू.’

पलीकडे ती हसली. ‘अगं हो, छानच वाजवतेस. कधी शिकलीस? सांगितलं नाहीस ते. पण फोन उचललायस तर बोल की काहीतरी.’

‘काकू, मी बोलतेय. मीच बोलतेय.’

‘किती करुण सूर गं,’ ती म्हणाली. ‘पण पुरे आता.’

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं. मोठ्याने सांगितलं. गॅसवर चहा उतू जात होता. मी हाक मारत राहिले, मग दम लागला आणि थांबले.

‘हां,’ काकू म्हणाली. ‘थांबलीस. आता बोल.’